माडाला बांधलेलं छप्पर

थोरली पोरगी समुद्राकाठी द्यायची ठरली, तेव्हा पिंपळवंडीत मला नावं न ठेवलेला माणूस शोधावा लागला असता. आमच्याकडे मुली द्यायच्या त्या नारायणगाव, ओतूर, मंचर, लांबात लांब चाकण. घाटाखाली कोण देतं? त्यात माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा आंबेगावचा धाकटा भाऊ, तोंडाचा फटकळ. भर बैठकीत म्हणाला, "दाजी, पोर द्यायचीय का बुडवायचीय?"

मी म्हणालो, "पोरीनं पोरगा पसंत केलाय, पोरगा जहाजावर नोकरीला हाय, आन् मला समुद्र पसंत हाय. तुला काय तरास?"

समुद्र मी तोवर एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, आणि तोही ओहोटीला गेलेला. पण हे मेहुण्याला सांगायची काही गरज नव्हती.

पुढचं ऐकायच्या आधी एक गोष्ट मान्य करा: वादळावर बोलायचा मला हक्क आहे. काही वर्षांपूर्वी समुद्रावरचं एक वादळ थेट घाट चढून जुन्नर-आंबेगावात घुसलं, तेव्हा माझं शिमला मिरचीचं पॉलीहाऊस जागेवरून उठलं आणि निघून गेलं. त्याचा अर्धा प्लास्टिकचा कागद येडगाव धरणाच्या पाण्यात सापडला, अर्धा अजून सापडायचा आहे. शेजाऱ्याच्या कांद्याच्या चाळीचे पत्रे माझ्या उसात आणि माझे त्याच्या डाळिंबात, अशी देवाणघेवाण झाली. पण माझी जनावरं वाचली. का? तर मी ती आधीच ओढ्याच्या खोलगटात नेऊन बांधली होती. वारं सगळं डोक्यावरून गेलं. म्हशी रवंथ करत होत्या.

त्या दिवसापासून मी दोन धडे घेतले. जे बांधता येईल ते बांधा, आणि जे बांधता येत नाही ते खोलगटात न्या. हे धडे मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितले, की मी समोरून येताना दिसलो की माणसं मोबाइल कानाला लावून "हां, बोला बोला" करायला लागत.

तर लग्नाला दोनेक वर्षं झाली आणि पोरीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नियम. त्याला कोर्टातसुद्धा आव्हान नाही. सातवा लागला की बापानं जाऊन लेकीला घेऊन यायचं. पावसाळ्याच्या तोंडावरची गोष्ट. जायचा दिवस ठरला आणि टीव्हीवर बातमी आली, समुद्रात वादळ तयार होतंय आणि किनाऱ्याकडे सरकतंय. मला खोटं बोलायचं नाही: मला थोडा आनंद झाला. इतक्या वर्षांचं ज्ञान वाया चाललं होतं.

मी पिकअप भरली. द्राक्षबागेची तार, लोखंडी अँगल, घण, तार ताणायचं यंत्र, नायलॉनचे दोर, ताडपत्री. बायकोनं बाळासाठी शिवलेली दुपटी-झबल्यांची पिशवी आणून वर ठेवली आणि गाडीकडे बघून म्हणाली, "अवं, लेकीला आणायला चाललाय का बाग उभी करायला?"

"येताना तिला चांगली कार करून आणतो."

"आन् हे?"

"ह्ये तिच्या सासूचं छप्पर बांधायला. वादळ येतंय, तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला येवढं कळतंय, की तुमी पोचायच्या आत वादळ आलं तर बरं व्हईल," बायको म्हणाली आणि आत गेली.

मंचर, चाकण, लोणावळा करत मी घाट उतरलो. पोरीचं सासर रायगडच्या किनाऱ्यावर, खाडी समुद्राला मिळते तिथल्या गावात. घरासमोर वाळू आणि समुद्र, घरामागे नारळी-पोफळीची वाडी, वाडीमागे खाडीचा मातीचा बांध आणि त्याच्या अलीकडे खोलगट खारी जमीन. जावई तेव्हा कुठल्याशा दूरच्या बंदरात होता. घरात दोघीच, पोरगी आणि विहीणबाई. पोरगी तिथल्याच टेकडीवरच्या शाळेत शिक्षिका. विहीणबाई एकटीनं वाडी राखलेली बाई, नारळ उतरवणाऱ्या गड्यापासून सरपंचापर्यंत कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. आमचं नातं व्याह्या-विहिणीचं, म्हणजे गोड बोलत एकमेकांच्या मुलखाची अब्रू काढायची.

"या व्याही," दारातच म्हणाल्या. "एकटेच आलात की वादळाला सोबत घेऊन?"

"मागनं येतंय. घाटात गाड्या लई व्हत्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळाचा रंग बिघडला. ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरली, की खाडीकाठच्या आणि किनाऱ्यावरच्या सगळ्यांनी दुपारच्या आत टेकडीवरच्या शाळेत जावं. शाळेची किल्ली पोरीकडे, म्हणून ती भल्या सकाळीच वर गेली होती. विहीणबाई मात्र अंगणात सुपारी कातरत बसल्या होत्या.

"कशाला जायचं?" त्या म्हणाल्या. "आज अष्टमी. भांग आहे भांग."

मला भांग ठाऊक ती प्यायची. मग त्यांनी मला समजावलं, की अमावास्या-पौर्णिमेला भरती चढते ते उधाण, आणि अष्टमीच्या सुमाराला ती अंग चोरून येते तो भांग. "भांगाचं पाणी माझ्या पायरीला शिवत नाय. जन्म गेला माझा इथं. आता वाऱ्याचं म्हणाल तर, कौलं जातील चार. जाऊ देत."

"कौलं का म्हून जातील?" मी उठलोच. "मी हाय ना."

मी कामाला लागलो. पहिला अँगल ठोकला. जुन्नरच्या मुरमात घामाच्या धारा काढणारा अँगल इथल्या वाळूत दह्यात बोट जावं तसा गेला, आणि ओढला तर तसाच वर आला. दुसरा तसाच. तिसरा ठोकताना विहीणबाई म्हणाल्या, "व्याही, तिथं खाली पाणी लागेल, विहीर होईल." मी हरणारा माणूस नाही. चहूकडे बघितलं, तर घराच्या दोन्ही अंगांना सरळसोट माड. इतकी वादळं बघूनही उभे. यांच्याहून भक्कम खुंटी ती कोणती? मी कौलांवर ताडपत्री अंथरली, तिच्यावरून आडव्या-उभ्या तारा घेतल्या, वाशांना गुंडाळल्या आणि दोन्ही टोकं माडांना आवळली. यंत्रानं तार अशी ताणली, की बोटानं छेडली तर तंबोऱ्यासारखी वाजावी.

विहीणबाई उठून आल्या, कमरेवर हात ठेवून वर बघितलं आणि म्हणाल्या, "हात बाकी चांगला आहे हो तुमचा."

व्याही झाल्यापासूनची ही पहिली स्तुती. तिनं माझी उरलीसुरली अक्कलही गेली. मी पिकअप काढली, घरामागच्या खोलगट जमिनीत बांधाच्या आडोशाला नेऊन उभी केली, बाळाच्या पिशवीसकट. वारं डोक्यावरून जाणार होतं. परत आलो तर विहीणबाईंनी घावनांची ताटं मांडलेली. आम्ही दोघं आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला होतो. घर सोडायचं नाही, हे आमचं ठरलं.

तेवढ्यात पोरगी आली. सातव्या महिन्याची पावलं, चेहरा घामेजलेला, कमरेला शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा. तिनं छपराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आबा, हे काय?"

"बांधलं. आता कसलं बी वारं येऊ दे."

"आणि पाणी?"

"पाणी?" सकाळीच शिकलेला शब्द मी तिच्यावर फेकला. "आज भांग हाय."

"भांग चंद्रामुळे असतो, आबा. वादळ पंचांग बघत नाही. वारा समुद्राला लोटत आणतो, भरतीच्या वर आणखी पाणी चढवतो. आणि खाडीचं तोंड अरुंद. एकदा आत शिरलं की पसरायला जागा कुठली? ते वर चढतं. गाडी कुठंय?"

मी सांगितलं.

ती म्हणाली, "गावाकडं खोलगटात वाचतं ते वाऱ्यापासून. इथं आधी भरतं ते खोलगट."

"पोरी, मी वादळ पाहिलंय."

"तुम्ही वादळाचं शेपूट पाहिलंत. तोंड इथं असतं."

विहीणबाई ताठ बसल्या. "माझ्या सासूनं हे घर कधी सोडलं नाय. मीही सोडणार नाय. जायचं तर तू जा."

मला वाटलं, आता वाद होईल आणि आम्ही दोघं मिळून तिला गुंडाळू. पण तिनं वाद घातलाच नाही. पाण्याची बाटली भरली, औषधं घेतली, विहीणबाईंचा चष्मा खिडकीतून काढून त्यांच्या हातात दिला आणि मला म्हणाली, "आबा, तुम्ही मला न्यायला आलाय ना? मग मी जिथं जाते तिथं या. नाहीतर दोघं तारा वाजवत बसा."

आणि निघाली. वारं उठलं होतं. टेकडीची वाट वाळूतून आणि मग पायऱ्यांवरून. मी ओट्यावरून बघत होतो. एका झोतानं ती कुंपणाला धरून थांबली, एक हात पोटावर. वळून मात्र बघितलं नाही.

माझा सगळा तज्ज्ञपणा तिथंच गळाला. मी विहीणबाईंना म्हणालो, "चला."

"मला माझ्या घरातनं कोण काढतो ते बघते."

"कुणी काढत न्हाई. पण भांडायचंच तर वर जाऊन भांडू, तिथं ऐकायला माणसं लई हायत."

हे त्यांना पटलं. त्यांनी दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं, आणि आम्ही पोरीच्या मागे धावलो. दोघांनी तिला दोन्ही बाजूंनी धरलं. ती म्हणाली, "मला धरू नका, एकमेकांना धरा." तेही खरंच होतं.

शाळेत कोळीवाडा आणि वाडीवाले मिळून गाव जमलं होतं. मी खिडकीशी जागा पकडली आणि आजूबाजूच्यांना माझे दोन धडे सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात वारं खऱ्या अर्थानं आलं. आवाज असा, की शेजारच्याच्या कानात ओरडावं लागे. पत्रे पतंगासारखे भिरभिरत गेले. खिडकीतून खाली आमचं घर दिसत होतं. ताडपत्री जागची हलेना. मी विहीणबाईंना कोपरानं खुणावलं, बघा.

मग माड वाकायला लागले.

माड वादळात उभा राहतो तो वाकतो म्हणून, हे मला जुन्नरात कोण सांगणार? आमच्याकडे खुंटी हलत नसते. एका बाजूचे माड बाहेर वाकले, दुसऱ्या बाजूचेही त्याच दिशेनं वाकले आणि माझ्या तारांनी, ज्या मी इतक्या प्रेमानं वाशांना गुंडाळल्या होत्या, विहीणबाईंचं अख्खं छप्पर डब्याचं झाकण काढावं तसं उचललं. ते हवेत जरा लोंबकळलं आणि वाडीत जाऊन पडलं. शेजारची, न बांधलेली घरं चार-दोन कौलं घालवून तशीच उभी.

विहीणबाई माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "व्याही! वाऱ्याला जमलं नसतं हो! तुम्ही काढलंत माझं छप्पर!"

खोली हसली. भीतीनं गोठलेली माणसं पोट धरून हसली. मीही हसलो, दुसरं करणार काय?

दुपार कलली तसं वारं पडलं. माझ्या हिशेबानं वादळ संपलं. विहीणबाईंना उघड्या पडलेल्या घराची काळजी, मला गाडीची आणि पिशवीची. आम्ही दोघं चपला घालून निघालो, मागून आणखी काही जण. व्हरांड्याच्या लोखंडी जाळीच्या दारात पोरगी उभी.

"कुणी खाली जायचं नाही."

"अगं, वारं पडलंय."

"वारं पडलं, पाणी यायचंय. खाली विजेच्या तारा तुटून पडल्यात."

"गाडी बघून येतो फक्त. हा गेलो आन् हा आलो."

तिनं जाळी ओढली, कुलूप घातलं आणि किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरला. आत तिच्यासकट सगळे बंद.

"मी तुझा बाप हाय!" मी सगळ्यांदेखत ओरडलो.

"म्हणूनच कुलूप लावलं," ती म्हणाली. "बाळाला आजोबा पाहिजेत, आबा. गाडी नको."

मी जाळीला हात लावून उभा राहिलो. राग असा आला होता, की पोरीचा तोंडवळासुद्धा दिसेना. समोर समुद्राकडे बघत होतो, तिकडे लाटा उंच होत्या पण होत्या जागच्या जागी. म्हणालो, "कुठंय तुझं पाणी?"

ते मागून आलं. टीव्हीत दाखवतात तशी भिंतीएवढी लाट वगैरे काही नाही. खाडीकडून तपकिरी पाणी वाडीत शिरलं, आवाज न करता, कुणाच्या तरी घरात हक्कानं यावं तसं. आधी पोफळींची बुडं गेली. बांध कुठं फुटला ते दिसलंच नाही. माझी पिकअप तरंगली, वळली, आमच्या घराच्या मागच्या भिंतीला धडकली आणि टपापर्यंत खाली गेली. मी आणि विहीणबाई ज्या वाटेनं उतरणार होतो, तिच्यावरून नारळ, हंडे आणि एक अख्खी होडी वाहत गेली.

विहीणबाईंनी सुनेचा हात धरला. तो हात किल्ल्या धरून पांढरा पडला होता.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर आम्ही खाली गेलो. दाराचं कुलूप तसंच होतं, भिंत मात्र एका बाजूला नव्हती. चिखलाची रेघ माझ्या छातीपर्यंत. पोरगी दुपारी ज्या खाटेवर पडायची, ती खाट वाडीत पोफळीला टेकून उभी होती. मी त्या खाटेकडे बघत राहिलो.

वादळात माणसाला खाणारं काय असतं, हे आता मला कुणी विचारलं तर मी वारं म्हणत नाही. वारं दंगा करतं, फोटो त्याचेच निघतात, माझं पॉलीहाऊस आणि विहीणबाईंचं छप्पर त्यानंच नेलं (एकात मी भागीदार). पण किनाऱ्यावर जीव घेतं ते पाणी, आणि ते चोरपावलांनी येतं. डोंगरात पाऊस झाला तर नदीचं वरून येतं, समुद्राचं खालून, आणि मधल्या माणसाला कळत नाही तोंड कुठं करावं. आणि त्याला मदत करतात आमच्यासारखी दोन शहाणी, एकाला वाऱ्याचं कळतं, एकीला भरतीचं.

रस्ता मोकळा झाल्यावर मी पोरीला म्हणालो, "चल, आता गावाकडं. बाळंतपणाला, आन् मग कायमचंच बघू."

ती म्हणाली, "शाळेत अजून माणसं राहताहेत. आणि डॉक्टरीणबाई इथं तालुक्याला चांगल्या आहेत. मी इथंच बाळंत होणार."

"पहिलं बाळंतपण माहेरी असतंय."

"मग माहेराला इकडं पाठवा."

मी एकटा परत आलो. पिंपळवंडीत बैठक माझ्या आधीच भरलेली. मेहुणा खास आंबेगावाहून आलेला.

"दाजी, गेलेलं लेकीला आणायला, आलात हात हालवत?"

"ती येत न्हाई म्हनली."

"न्हाई म्हनली म्हंजी? बापाचा काय शबूद हाय का न्हाई? समुद्र उद्या परत यील. ज्या गावात जिवाची खात्री न्हाई, तिथं पोर ठिवायची?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला तिथं गप्प बसता आलं असतं. आठवडाभर मीही हेच बोलत आलो होतो. पण त्याच्या तोंडून ऐकलं आणि डोकं फिरलं.

"तुझ्या शिवारात बिबट्या हाय का न्हाई?"

"हाय की. लई झालेत."

"आपल्याकडं बाया बिबट्यानं नरडं धरू नये म्हून गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जातात, पोरं शाळेतनं गाडीत बसवून आणतोस. मग तू गाव का न्हाई सोडलंस?"

"त्यो येगळा इशय हाय."

"कसा येगळा?"

"बिबट्या काय रोज येतोय का?"

"मग वादळ रोज येतंय व्हय रे? तुला बिबट्याचं कळतंय, कधी आत ऱ्हायचं, कधी बाहेर निघायचं. तिला पाण्याचं कळतंय. तिनं मला, तिच्या सासूला आन् निम्म्या गावाला कुलपात घालून जित्तं ठिवलंय. तिला मी काय म्हनून आणू? जीव वाचवायला? कुणाचा? ती तिथंच ऱ्हाणार. आन् कुणाला नावं ठिवायची असतील त्यांनी माझ्या तोंडावर ठिवा, मी हितंच बसलोय."

बायको आतून आली. तिच्या हातात भरलेली पिशवी होती, नव्यानं शिवलेली दुपटी, डिंक, मेथ्या.

"बैठक झाली असंल तर मला नारायणगावच्या ष्ट्यांडावर सोडा," ती म्हणाली. "माहेर म्हंजी आईच ना? मी जाते तिकडं."

आमच्या घराण्यात लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आईच सासरी गेल्याचं हे पहिलंच. नात झाली. दोघी सुखरूप. विहीणबाईंनी घर त्याच वाडीत पुन्हा उभारलं, जोतं मात्र माझ्या छातीहून उंच, आणि पुढच्या मोसमात भोंगा वाजला तेव्हा टेकडीच्या पायऱ्या सगळ्यात आधी त्याच चढल्या, असं पोरगी सांगते. त्या म्हणतात, आपण फक्त जागा धरायला गेलो होतो.

बारशाला मेहुण्याला यावंच लागलं, मामाचा मान होता. त्यानं समुद्र पहिल्यांदाच बघितला. काठापर्यंत गेला, मग घराकडे वळून बघितलं.

"दाजी, त्या दिवशी पाणी कुठवर आलं व्हतं?"

मी हात छातीवर आडवा धरून दाखवला.

"आन् तरी हितं ऱ्हायची म्हन्ते?"

"तरी."

तो डोकं खाजवत म्हणाला, "तुमची थोरली गेली तरी कुणावर?"

"कुणावर बी न्हाई," मी म्हणालो. "तिच्या आधी आमच्यात असं कुणी झालंच न्हाई."